चोवीस पानांची डमी: चित्रपुस्तक लिहायचं आणि काढायचं कसं

चित्रपुस्तक करायला बसलेली माणसं बहुतेक वेळा आधी गोष्ट पुरी लिहितात आणि मग तिला चित्रं ‘टाकतात’. तिथेच गाडी रूळ सोडते. त्यातून तयार होतं ते सचित्र गोष्टीचं पुस्तक. चित्रपुस्तकात अर्धी गोष्ट चित्र सांगतं आणि त्या अर्ध्या भागाबद्दल शब्द गप्प बसतात. कोणी काय सांगायचं ही वाटणी डोक्यात होत नाही, पानांवरच करावी लागते. म्हणून पहिलं काम लिहिण्याचं नाही, कागद दुमडण्याचं आहे.

ए-फोरचे ६ साधे कागद एकावर एक ठेवा, मधोमध दुमडा, घडीवर दोन पिना मारा. २४ पानांची डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, झाली. खालच्या कोपऱ्यात १ ते २४ आकडे घाला. पान १ शीर्षकाचं, पान २ श्रेय आणि हक्कांच्या मजकुराचं. गोष्ट सुरू होते पान ३ वर, एकट्या उजव्या पानावर. पुढे ४-५, ६-७ असं करत २२-२३ पर्यंत १० जोडपानं आणि शेवटी २४ हे एकटं डावं पान. म्हणजे तुमच्या हाती एकूण १२ जागा आहेत. गोष्ट सात पिढ्यांची असली तरी ती या बारांत बसवायची.

पानं चोवीसच का, हा छापखान्याचा हिशेब. २० × ३० इंचाच्या कागदाला तीन घड्या घातल्या की ८ पत्रं, म्हणजे १६ पानं मिळतात. तो एक फॉर्मा. २४ पानं म्हणजे दीड फॉर्मा. १६, २४, ३२ हे आकडे सुखाने बसतात. १८ किंवा २६ पानांचं पिनेचं पुस्तक बांधताच येत नाही, कारण पानं चारच्या पटीत लागतात. याच कागदातून कापून झाल्यावर साधारण ७.२५ × ९.५ इंचाचं पुस्तक निघतं. नवख्या चित्रकारांना चौकोनी पुस्तकाचा मोह फार असतो. पण साडेआठ इंची चौकोन २३ × ३६ च्या कागदावर मांडून बघा: कटिंगची जागा धरून ९ इंचाचे चार चौकोन लांबीत बसतात, रुंदीत दोन, आणि ५ इंचांची अख्खी पट्टी रद्दीत जाते. पाचव्या हिश्शाहून जास्त कागद वाया! प्रकाशक नाक मुरडतो ते उगाच नाही.

गोष्ट बारा जागांत वाटताना

एक नमुना धरून चालू. उन्हाळा, गच्ची, जुन्या लुगड्यावर वाळत घातलेल्या कुरडया, आणि राखणीला बसवलेली पाच वर्षांची जुई. पहिला खर्डा साधारण असा उतरतो:

“जुई गच्चीवर गेली. तिने लाल फ्रॉक घातला होता. खूप ऊन होते. आजीने पांढऱ्या लुगड्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या. आजी जुईला म्हणाली की, एकही कुरडई कमी होता कामा नये.”

आता यातलं जे जे चित्रात दिसणार आहे ते खोडा. फ्रॉक गेला, ऊन गेलं, लुगडं गेलं. उरलं ते एवढंच: “एकसुद्धा कुरडई कमी होता कामा नये हं!” पान ३ ला इतकं पुरतं. मात्र काटछाट करताना दुसरं टोक गाठू नका. जे काढता येत नाही ते शब्दांनी धरायचंच असतं: चिकाचा वास, तापलेल्या गच्चीवर तळवे कसे पोळतात ते, वाळत आलेल्या कुरडईचा बारीक कुडकुड आवाज, आणि किती वेळ गेला ते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सगळं मिळून २०० ते ४०० शब्द बेताचे. एका जोडपानावर ४० च्या वर गेलात तर वाचणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत ऐकणाऱ्याचा हात पान उलटायला पुढे येतो.

काही जागा आधी ठरवून टाका, मधल्या मग आपोआप भरतात:

पान ४-५: गच्ची वरून दिसते, जुई इवलीशी. “जुईनं मोजल्या. छत्तीस.”

पान ६-७: ती काठीने चिमण्या हाकलते. फ्रॉकचा खिसा जरासा फुगलेला. शब्द खिशाबद्दल बोलत नाहीत.

पान १२-१३: जुई छत्रीखाली तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली, कावळे, खारी, शेजारचं मांजर, सगळा गाव गोळा झालेला. वर एकच ओळ: “जुईनं डोळासुद्धा मिटला नाही.”

पान २२-२३: आजी बोटं नाचवत मोजते. “तीस... एकतीस.” कावळ्यांकडे रागाने बघते.

पान २४: रात्र. खुंटीवर फ्रॉक, खिशातून डोकावणारं कुरडईचं टोक. शब्द नाहीत.

पान ६ पासून खिसा पाहणाऱ्या मुलाला चोर कोण ते आजीच्या कितीतरी आधी कळलेलं असतं. अजून वाचता न येणाऱ्या मुलालाही वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसापेक्षा जास्त ठाऊक असतं. पुस्तक पुन्हा पुन्हा मागितलं जातं ते याच जागांसाठी. मग चित्रकाराची जबाबदारीही वाढते. छत्तीसच्या एकतीस होताना कोणत्या पानावर किती कुरडया दिसतात आणि खिसा किती फुगतो याचा तक्ता करून भिंतीला चिकटवा. मुलं मोजतात. एक जरी चुकली तरी पकडतात.

उत्सुकतेची जागा उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात असते, कारण उलटायचं पान तिथे धरतात. इथे मराठीची एक सोय वापरून घ्या. आपलं क्रियापद एरवी वाक्याच्या शेवटी येतं, पण बोलताना आपण ते खुशाल पुढे ओढतो. “आणि कावळ्यानं आजीचा चष्मा...” असं लिहून पान उलटल्यावर “उचलला!” आलं, तर खजिना आधीच उघडा पडला. त्याऐवजी “आणि कावळ्यानं उचलला...” आणि पलीकडच्या पानावर “आजीचा चष्मा!” गंमत अशी की ‘उचलला’ म्हणताच चलाख मुलांना कळतं की ती कुरडई नव्हे, कुरडई असती तर ‘उचलली’ आलं असतं. लिंगाचा हा धागा कधी मुद्दाम ठेवावा, कधी नको असेल तर वाक्य फिरवावं, पण तो नकळत सुटू देऊ नये.

भाषा बोलीच्या जवळची हवी. ‘म्हणालं, गेलं, मोजलं’ हे रूप एकदा घेतलं की शेवटपर्यंत तेच. मधेच ‘गेले, म्हटले’ आलं की वाचणारा अडखळतो. मोठ्यांनी वाचून दाखवायच्या पुस्तकात जोडाक्षरांना घाबरायचं कारण नाही. मूल स्वतः अक्षर लावत वाचणार असेल तर मात्र पानाला दोन-तीनवर थांबा.

चित्रं

आधी एका मोठ्या कागदावर बारा छोटे चौकोन, प्रत्येकी साधारण ६ × ४ सेंटिमीटर. एवढ्या लहान जागेत बारीकसारीक काढताच येत नाही, हाच फायदा. फक्त काळं-पांढरं-करडं भरा आणि लांबून बघा. बाराही चित्रं एकाच अंतरावरून, पूर्ण उभी माणसं दाखवणारी झाली असतील (पहिल्या खेपेला होतातच) तर दोन अगदी जवळून आणि दोन दुरून करा. निदान चार ठिकाणी नजर मुलाच्या उंचीवर आणा, म्हणजे आजीची आधी पावलं आणि निऱ्या दिसतील.

देवनागरी डावीकडून उजवीकडे वाचतो, तशीच नजर चित्रातही धावते. जाणारं पात्र उजवीकडे तोंड करून, परतणारं डावीकडे. संकट उजव्या कडेने आत येतं. हा नियम मोडता येतो, पण जाणूनबुजून.

मग पात्राचा तक्ता: समोरून, बाजूने, पाठीमागून, बसलेलं, धावणारं, आणि चेहऱ्यावरचे सहा भाव. चौथ्या पानावरची पाच वर्षांची मुलगी चौदाव्या पानावर दहा वर्षांची दिसू लागते, ही सगळ्यात नेहमीची चूक. कारण एकच: शरीराच्या मानाने डोकं लहान होत जातं. जुईची उंची चार डोक्यांएवढी ठरवली तर प्रत्येक चित्रावर पट्टी लावून ती तपासा. कपडे एकरंगी ठेवा. चौकड्याचा फ्रॉक पहिल्या चित्रात छान दिसतो. अकराव्या चित्रात स्वतःलाच शिव्या घालाल.

आता पुस्तकाच्या खऱ्या मापाची दुसरी डमी करा. चित्र कडेपर्यंत जाणार असेल तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापला जाणारा जादा भाग, सोडा. नाहीतर कटिंगमध्ये सुरी किंचित हलली की कडेला पांढरी रेघ दिसते. चेहरे, हात, अक्षरं कडेपासून निदान १० मिलिमीटर आत. घडीचंही भान हवं. पिनेच्या २४ पानी पुस्तकात १२-१३ हे एकच जोडपान सलग कागदावर छापलं जातं. बाकीची जोडपानं दोन वेगळ्या कागदांवर असतात आणि बांधणीत मिलिमीटर-दीड मिलिमीटर वर-खाली होऊ शकतात. म्हणून सगळ्यात मोठं, आरपार जाणारं चित्र १२-१३ वर (जुईची झोप तिथे ठेवली ती यासाठी), आणि इतरत्र घडीवर कोणाचं नाक, डोळा किंवा काठीसारखी तिरकी रेघ नको. मधल्या पानावर पिना दिसतात, तेवढी जागा सोडा.

जलरंग वापरणार असाल तर कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या. पातळ कागदाला पाण्याने लाटा येतात आणि स्कॅनमध्ये त्यांच्या सावल्या उतरतात. चित्र छपाईच्या मापाच्या सव्वापट काढून लहान केलं तर रेषा नीटस होते. दुप्पट काढून लहान केलं तर ती केसासारखी बारीक होऊन मरते. स्कॅन छपाईच्या मापाला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) भरला पाहिजे. चमकदार फ्लुरोसंट गुलाबी, झगझगीत जांभळा, निळसर हिरवा हे रंग चार शाईंच्या छपाईत मळतात. पडद्यावर कितीही उजळ दिसोत, आधीच सीएमवायकेमध्ये, म्हणजे या चार शाईंच्या रंगांत, बदलून बघा आणि जमेल तर एका चित्राचं छापील प्रूफ काढून घ्या.

अक्षरांची जागा

मजकुरासाठी मोकळी, शांत, फिक्या रंगाची जागा चित्र काढतानाच सोडायची. नंतर आभाळात कोंबलेली अक्षरं कावळ्यांत हरवतात. आकार १८ ते २२ पॉइंट. मराठीत वेलांट्या वर जातात, उकार खाली येतात, त्यामुळे दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट हवं. नाहीतर वरच्या ओळीतला ‘कृ’ खालच्या ‘कीं’ला जाऊन धडकतो.

फॉन्ट युनिकोडमधलाच घ्या. ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ हे फॉन्ट विनाशुल्क मिळतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना रफार उडतात आणि ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ होतं, तेव्हा तसे शब्द एकेक तपासा. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय चालू नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर जाऊन बसते. आणि ‘ल’, ‘श’ बघा. बऱ्याच फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडल्याशिवाय ते दिसत नाहीत, हिंदी वळणाचे येतात. शाळेत दुसरा ‘ल’ गिरवणाऱ्या मुलाला हे पान परकं वाटतं.

मजकूर फक्त काळ्या शाईत, चित्राच्या फाइलपासून वेगळा ठेवा. पुस्तक हिंदीत किंवा तमिळमध्ये निघालं तर रंगांच्या तीन प्लेट्स त्याच राहतात, फक्त काळी बदलते. अक्षरं गर्द रंगावर पांढरी केली तर ही सोय संपते, शिवाय छपाई जराशी सरकली की त्यांच्या कडा रंगीत होतात. दुकानाच्या पाट्या, वहीवरची नावं हीसुद्धा चित्रात रंगवून टाकू नका. तमिळ, मल्याळममध्ये हाच मजकूर लांबतो, म्हणून मोकळी जागा लागते त्याहून तिसऱ्या हिश्शाने जास्त ठेवा.

मुलांसमोर आणि प्रकाशकासमोर

डमी सहा-आठ मुलांना वाचून दाखवा, शक्यतो तुमच्या घरातली नसलेल्या. अर्धवर्तुळात, दीड मीटरवर बसवा आणि काहीही समजावून सांगू नका. “आवडलं का?” विचारलं तर “हो” येणारच, ते उत्तर कामाचं नाही. बोट कुठे ठेवतात, पान कुठे घाईने उलटू बघतात, चुळबुळ कोणत्या पानावर सुरू होते, एवढंच टिपा. दोन वेगवेगळ्या गटांत एकाच पानावर चुळबुळ झाली तर ते पान जादा आहे.

नुसतं लिहिणाऱ्यांनी पदरचे पैसे घालून चित्रकार लावू नये; तो प्रकाशक निवडतो. मजकूर पानांप्रमाणे तोडून द्यावा आणि चित्राबद्दल सूचना फक्त शब्दांतून कळणार नाही तिथेच: “जुई झोपलेली आहे” हे सांगायला हवं, फ्रॉकचा रंग नको. लिहिणं-काढणं दोन्ही करत असाल तर मजकूर, डमीची पीडीएफ आणि पूर्ण रंगवलेली दोन जोडपानं पाठवा, त्यातलं एक माणसांचं. सरावासाठी प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ चांगलं आहे. २०१५ पासून चालू असलेल्या या व्यासपीठावर तिथलीच चित्रं घेऊन त्यांवर आपला मजकूर रचता येतो. पण तिथलं साहित्य सीसी-बाय ४.० परवान्याखाली जातं, म्हणजे श्रेय देऊन ते कोणीही, विक्रीसाठीसुद्धा, वापरू शकतं. जी गोष्ट प्रकाशकाला द्यायची आहे ती तिथे चढवू नका.

करार लेखीच हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. शब्द आणि चित्रं यांचे हक्क वेगळे लिहून घ्या, रॉयल्टी छापील किमतीवर की सवलत वजा करून ते विचारा, आणि मूळ चित्रं स्कॅन झाल्यावर किती दिवसांत परत मिळतील ती तारीख करारातच घाला.