तंबू, फेरीबोट आणि आत्याचं घर: सागरी मार्गाने कोकण करताना या चुका टाळा

रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी मार्ग नकाशावर एक सलग रेघ दिसतो. गाडी काढली की कळतं, मुरूडच्या पुढे राजपुरीची खाडी आडवी येते, हरिहरेश्वरच्या पुढे बाणकोटची, मग दाभोळला वाशिष्ठी आणि तवसाळला शास्त्री. वाटेत दोन रात्री तंबूत काढायच्या, एक दिवस गुहागरच्या आत्याकडे, एक मालवणच्या मावशीकडे, असा बेत फार जण आखतात आणि तिसऱ्या दिवशी गाडीत एकमेकांशी बोलेनासे होतात. कारण बहुतेकदा एकच: आखणी किलोमीटरवर केलेली असते. या रस्त्यावर वेळ ठरवते ती भरती, फेरीबोट आणि ज्यांच्याकडे जायचंय त्यांची चूल.

मोबाइलने सांगितलेल्या वेळेवर विसंबणं

आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या चार ठिकाणी गाडीसकट फेरीबोटीत चढावं लागतं. पूल होतील तेव्हा होतील. मोबाइलवरचा नकाशा पाण्यातला वेळ धरतो, पण शनिवारी सकाळी धक्क्यावर लागलेली गाड्यांची रांग त्याला कळत नाही. रात्रीची शेवटची बोट किती वाजता, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा, कारण हंगामाप्रमाणे वेळा बदलतात. दाभोळला बोट चुकली तर दापोली, खेड, चिपळूण करत गुहागर गाठायचं, म्हणजे शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा, तोही अंधारात घाटवळणांचा. दिवसाला दोन खाड्या पुरे. आणि सगळा प्रवास दोन्ही बाजूंनी किनाऱ्यानेच करण्याचा हट्ट सोडा. जाताना किनारा धरावा, येताना मुकाट्याने 66 नंबरचा, म्हणजे मुंबई-गोवा हायवे.

पेट्रोलची टाकी अर्धी झाली की भरून घ्या. किनाऱ्यालगत पंप विरळ आहेत. रोख पैसेही जवळ असू द्या.

ओहोटीला जागा बघून तंबू ठोकणं

सगळ्यात जास्त फजिती इथे होते. संध्याकाळी पाच वाजता पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, मैदानासारखी मोकळी दिसते आणि माणूस समुद्राच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जातो. रात्री एक वाजता चटईखाली पाणी.

भरतीची वेळ काढायला कोकणातला जुना हिशोब अजून चालतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. दिवसातून दोनदा भरती येते, त्यामुळे दुपारी तीनला असेल तर पहाटेही साडेतीनच्या आसपास असणार. हिशोब ढोबळ आहे, पण तंबूची जागा ठरवायला पुरतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं आणि पाणी नेहमीपेक्षा बरंच वर चढतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. वाळूवर शिंपल्यांची आणि काटक्यांची जी रेघ दिसते ती फक्त कालच्या पाण्याची. मर्यादावेल, म्हणजे वाळूवर वाढणारी वेल, जिथे पसरलेली असते त्याच्याही वरची जागा धरा. खाडीच्या तोंडाशी तर मुळीच नको.

हाच हिशोब फिरण्यालाही लावा. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांवरून आहे, ती ओहोटीलाच करायची. हेदवीच्या बामणघळीत भरतीला पाणी उसळतं ते बघायला लोक जातात. लांबून बघा. ओल्या खडकावर पाय सटकला तर सावरायला काहीच नसतं.

वाळूत नेहमीचे खिळे धरत नाहीत. कापडी पिशव्यांमध्ये वाळू भरून त्या दोरीला बांधा आणि हातभर खोल पुरा. दुपारी खारे वारे जोरात असतात, रात्री जमिनीकडून मतलई वारा सुटतो, म्हणून दारं पूर्व-पश्चिम ठेवली की हवा खेळती राहते. थंडीत दव एवढं पडतं की वरचं आच्छादन नसेल तर सकाळी पांघरूण पिळावं लागेल. माडाखाली तंबू कधीच नाही, सावली कितीही छान असली तरी. नारळ सोडा, वाळलेली झावळी पडली तरी तंबू फाटतो आणि डोकंही. सुरूच्या बनात जमीन मऊ असते, पण खाली साचलेला पाचोळा ठिणगीने पेटतो, तिथे शेकोटी नको. शिवाय बन कुणाच्या ताब्यात आहे, वन विभागाच्या की गावाच्या, हे ग्रामपंचायतीत विचारल्याशिवाय मुक्काम करू नका.

गाडी पुळणीवर उतरवणं

नकोच. बऱ्याच किनाऱ्यांवर बंदी आहे. तरी अडकलीच तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक खोल जातं. माणसं उतरवा, चाकांपुढची वाळू उकरा, टायरमधली थोडी हवा काढा, खाली पायपुसण्या किंवा झावळ्या घाला आणि हळू काढा. भरती चढत असेल तर हे प्रयोग न करता आधी गावातला ट्रॅक्टर बोलवा.

पुळणीवर गाडी न नेण्याचं दुसरं कारण वेळास, आंजर्ले अशा गावांत आहे. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या रात्री वाळूत अंडी घालतात आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने धावतात. एरवी तो उजेड समुद्राचा असतो. तुमची शेकोटी किंवा तंबूवरचा पांढरा दिवा त्यांना उलट्या दिशेने ओढतो. उरलेलं जेवण बाहेर टाकलं की कुत्री गोळा होतात आणि घरटी उकरतात. पिल्लं सोडताना बघायची असतील तर गावातल्या स्वयंसेवकांना विचारून त्यांनी सांगितलेल्या वेळी, दोरीच्या अलीकडे उभं राहा.

"येता येता डोकावून जातो"

कोकणात या वाक्याचा अर्थ जेवायला येतो असाच होतो. आत्या सकाळी सहाला मासळीच्या लिलावाला माणूस धाडते, आणि तुम्ही धोपाव्याच्या बोटीत उशीर झाला म्हणून चारला पोचता, तेही वाटेत मिसळ खाऊन. फोनवर स्पष्ट सांगा: "आत्या, दुपारी जेवायला आहोत, रात्री मुक्काम नाही, मुलांना तंबूत झोपायचंय." रात्रीचं आधी सांगितलं नाही तर गावभर होतं की भाचा आला आणि पुळणीवर झोपला.

माझ्या मते यावरचा तोडगा म्हणजे तंबू त्यांच्याच खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात लावायचा. परवानगी, पाणी, संडास, सगळे प्रश्न मिटतात. एक मात्र: शेणाने सारवलेल्या खळ्यात खिळे ठोकू नका. आपोआप उभा राहणारा तंबू न्या आणि दोऱ्या चिऱ्यांना बांधा.

तारखाही बघा. एप्रिल-मे महिन्यात घरात आंब्याच्या पेट्या भरण्याची घाई असते, तेव्हा पाहुणा म्हणजे अडचण, तोंडावर कुणी बोलणार नाही. भातकापणीतही तेच. शिमग्यात घर आधीच मुंबईकरांनी भरलेलं असतं, पण पालखी घरी येणार असेल तर त्याच दिवशी जा. मार्गशीर्षातल्या गुरुवारी मासे मिळतील या आशेवर जाऊ नका. जून-जुलैत यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. आणि दुपारी दोन ते चार कुणाचंही दार वाजवू नका.

निघताना डिकी ठासून भरलेली असेल तर फणस, कोकम, नारळ, पोहे कुठे ठेवणार? नाही म्हणता येत नाही. जाताना एक मोकळा क्रेट न्या. सुकट मिळाली तर दोन पिशव्यांत बांधून तंबूपासून लांब ठेवा, वास कापडात बसला की धुवून जात नाही. घरी पोचल्यावर तंबूच्या चेनी गोड्या पाण्याने धुवा, तंबू पूर्ण वाळवूनच घडी करा, आणि गाडी खालून धुवून घ्या.