खोली एक, पाहुणे दोन: डबल बुकिंग झालं तर काय करायचं

होमस्टेच्या वहीत एकाच रात्रीसमोर दोन नावं दिसली की हात आपोआप फोनकडे जातो. तो फोन पाच मिनिटांनी करा. आधी घर ज्या ज्या अ‍ॅपवर टाकलंय तिथे त्या तारखा हातानं बंद करा. नाहीतर दोन पाहुण्यांचा घोळ निस्तरेपर्यंत तिसरा पैसे भरून मोकळा होतो. श्रावणात वेरूळला, नवरात्रात तुळजापूरला याला फार वेळ लागत नाही.

आता हलवायचं कुणाला? ज्यानं आधी बुक केलं त्याची खोली, हा नियम सरळ आहे आणि दोघांची अडचण सारखी असेल तर तोच पाळावा. पण ती क्वचितच सारखी असते. जो प्रवासाला निघालाय त्याला हलवू नये. सोबत वयस्कर माणसं किंवा तान्हं बाळ असेल तर शक्यतो तेही कुटुंब हलवू नये. जालन्याहून स्वतःच्या गाडीनं येणाऱ्या चार मित्रांना वेरूळऐवजी खुलताबादला उतरवलं तर चार-पाच किलोमीटरचा फरक पडतो. गुडघे धरून चालणाऱ्या आजींना तोच फरक जड जातो.

अ‍ॅपवरचं बुकिंग की फोनवरचं, हा हिशोब त्यानंतर. एअरबीएनबीवर यजमानानं बुकिंग रद्द केलं तर दंड बसतो: चेक-इनला ३० दिवसांहून जास्त असतील तर बुकिंगच्या रकमेच्या १० टक्के, ३० दिवस ते ४८ तास असतील तर २५ टक्के आणि त्याहून कमी वेळ उरला असेल तर ५० टक्के, किमान ५० डॉलर. सुपरहोस्ट (चांगल्या यजमानांना एअरबीएनबी देतं तो दर्जा) राहायचं तर रद्द केलेली बुकिंगं १ टक्क्याच्या आत लागतात. बुकिंग डॉट कॉमवर पाहुण्याला तितकीच चांगली किंवा त्याहून बरी जागा शोधून देणं आणि वरचा फरक भरणं यजमानावर येतं. म्हणून दंड वाचवायला बरेच जण पाहुण्यालाच सांगतात, "तुम्ही तुमच्याकडून कॅन्सल करा ना." असं मुळीच करू नका. पाहुण्यानं रद्द केलं की त्याला परतावा रद्द करण्याच्या अटींप्रमाणे मिळतो, म्हणजे तुमच्या चुकीचे पैसे त्याचे जातात. शिवाय तो मेसेज अ‍ॅपमध्ये कायमचा राहतो आणि तक्रार झाली की तोच पुरावा ठरतो.

हलवायचा पाहुणा ठरला की पर्यायी खोली पक्की करा, आणि मगच त्याला फोन लावा. "बघतो काहीतरी" ऐकलं की माणूस चिडतो. तयार जागा ऐकली की निदान विचार करतो. शेजारच्या यजमानाशी बोलताना फक्त "खोली आहे का" एवढ्यावर थांबू नका. पलंग किती, तळमजला आहे का, संडास कमोडचा की भारतीय, गाडी आत लागते का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, हे विचारा. नवरात्रात उपासाचं किंवा बिनकांद्या-लसणाचं जेवण मिळेल का, हेही. खोलीचे आजचे चार फोटो मागवा, अ‍ॅपवरचे जुने नकोत. पाहुणा परदेशी असेल तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरणं ही जिथे तो राहतो त्या यजमानाची जबाबदारी आहे. त्यांना ते जमतं का, आधीच विचारून घ्या.

फोनवर लांबण लावू नका. साधारण असं बोला:

"नमस्कार काका, वेरूळच्या होमस्टेवरून बोलतोय. १४ तारखेच्या तुमच्या बुकिंगबद्दल फोन केलाय. आमच्याकडून चूक झालीय, त्या रात्री खोली दोघांना दिली गेली. तुमच्यासाठी देवळापासून तेवढ्याच अंतरावर दुसरी खोली ठरवलीय, खालच्याच मजल्यावर. भाडं तेच, वरचा फरक आमच्याकडे. फोटो आत्ता पाठवतो. पसंत नसेल तर पूर्ण पैसे लगेच परत करतो."

पाइप फुटला, घरात सुतक आलं असल्या सबबी सांगू नका. गाव लहान असतं. पाहुणा संध्याकाळी देवळाच्या रांगेत तुमच्याच दुसऱ्या पाहुण्याशेजारी उभा असतो. फोन झाला की जे ठरलं ते दोन ओळींत लिहून पाठवा. अ‍ॅपचं बुकिंग असेल तर अ‍ॅपच्याच मेसेजमध्ये. परत करायचा अ‍ॅडव्हान्स यूपीआयनं त्याच तासात पाठवा आणि स्क्रीनशॉट जोडा.

तारीख बदलून देणार असाल तर वार बघा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद, अजिंठ्याची सोमवारी. लेणी बघायला आलेल्या माणसाला मंगळवारची रात्र देऊन उपयोग नाही, कारण त्याची लेणी बुधवारवर जातात आणि परतीचं तिकीट बुधवार सकाळचं निघतं.

एक मोह फार होतो: दोघांनाही घ्यायचं, एका कुटुंबाला हॉलमध्ये गाद्या टाकून द्यायच्या. घरचं लग्न असेल तर ठीक. पैसे भरून आलेली दोन्ही कुटुंबं नाराज होतात आणि एकाऐवजी दोन वाईट शेरे पडतात. त्यात एप्रिल-मे असेल आणि १००० लिटरची टाकी टँकरवर भरत असेल, तर दहा माणसांच्या वापरात ती बघता बघता तळाला जाते.

आता घोळ मुळात होतो कुठे ते. बहुतेक वेळा तो अ‍ॅपमध्ये होत नाही, फोनवरच्या बोलण्यात होतो.

मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेसनं निघालेला पाहुणा संभाजीनगरला पहाटे उतरतो. तो "१३ ची खोली द्या" म्हणतो आणि तुम्ही १३ ची रात्र लिहिता. तो १३ च्या पहाटे दारात उभा असतो, तेव्हा १२ चा पाहुणा आत झोपलेला असतो. म्हणून कोणत्या रात्री झोपणार आणि दारात किती वाजता येणार, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. सकाळी ८ च्या आत खोली हवी असेल तर आदली रात्रही त्याच्या नावावर बंद करा आणि तिचं अर्धं किंवा पूर्ण भाडं आधीच सांगा. "दोन दिवस" हा शब्द तर वहीत लिहूच नका. कुणाचे दोन दिवस म्हणजे एक रात्र, कुणाचे दोन.

तिथीवर बोललेलं बुकिंग त्याहून फसवं. उत्तरेकडचा श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरवडाभर आधी लागतो. इंदूरहून घृष्णेश्वराला येणारे भाविक "पहिला श्रावण सोमवार" म्हणतात तो आपला पहिला सोमवार नसतो. औंढ्याला, परळीलाही हीच गंमत. तुळजापुरात दसरा झाला की गर्दी ओसरली असं धरून फोनवर सैल शब्द दिला जातो आणि कोजागरीच्या पौर्णिमेला, सोलापूरकडून पायी येणाऱ्यांची रीघ लागते तेव्हा, तोच शब्द अंगाशी येतो. तिथी ऐकली तरी पाहुण्याकडून तारीख आणि वार दोन्ही वदवून घ्या. दोन्ही जुळले नाहीत तर चूक तिथेच सापडते.

"खोली धरून ठेवा, सांगतो" याला मुदत लावा. आज रात्री ८ पर्यंत अर्धा अ‍ॅडव्हान्स आला नाही तर खोली मोकळी, हे तेव्हाच सांगायचं. आणि अ‍ॅडव्हान्स स्वीकारायच्या आधी तारीख अ‍ॅपवर बंद करायची, नंतर नाही. फोन वडील घेतात आणि अ‍ॅप मुलगा बघतो अशा घरात चुकतं ते नेमकं इथेच. फोन कुणीही घ्यावा. हो मात्र एकानंच म्हणावं.

अ‍ॅपची कॅलेंडरं एकमेकांना जोडायला आयकॅलची, म्हणजे बंद तारखा दुसऱ्या अ‍ॅपला कळवणारी, लिंक असते. एका अ‍ॅपमधून ती एक्स्पोर्ट करून दुसऱ्यात इम्पोर्ट करायची, आणि दुसऱ्याची पहिल्यात. एकच बाजू जोडून काम झालं असं समजणं ही नेहमीची चूक. दोन अ‍ॅपना २ लिंक लागतात, तीन अ‍ॅपना ६. लिंकमधून बंद तारखा जातात, भाडं जात नाही. ताजी माहिती पोचायला काही तास लागतात, आणि मधे गूगल कॅलेंडर घातलं तर आणखी जास्त. त्या फटीतच डबल बुकिंग बसतं. म्हणून गर्दीच्या आठवड्यांत एकाच अ‍ॅपवर इन्स्टंट बुकिंग (तुम्हाला न विचारता लगेच पक्कं होणारं) चालू ठेवा, बाकीच्यांवर विनंती आली की बघून होकार द्या. पूर्ण घर आणि त्यातल्या खोल्या वेगवेगळ्या टाकल्या असतील तर त्यांची कॅलेंडरंही आपसांत जोडा. नाहीतर एक खोली गेली तरी पूर्ण घर मोकळंच दिसत राहतं.

जोडणी झाली की सहा महिन्यांनंतरची एक तारीख एका अ‍ॅपवर बंद करा आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्यांवर ती बंद दिसते का बघा. दिसली नाही तर लिंक काढून नव्यानं टाका. हे श्रावणाच्या आधी एकदा आणि घटस्थापनेच्या आधी एकदा.