जुनं आउटबोर्ड इंजिन, अर्धे भाग गायब : या चुका टाळा

भंगारातून किंवा जुन्या होडीबरोबर आलेल्या ओबीएमला, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायच्या आउटबोर्ड इंजिनाला, वरचं कव्हर नसतं, कार्बोरेटर कुणीतरी काढून नेलेला असतो, पंख्याची पिन तर हमखास गायब. अशा इंजिनावर सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो दुसऱ्याच मॉडेलचे भाग आणल्यामुळे. म्हणून पाना हातात घेण्याआधी इंजिन ओळखा.

कव्हर बघून मॉडेल ठरवणं

कव्हर दोन मिनिटांत बदलतं, स्टिकर त्याहून लवकर. खरी ओळख होडीला घट्ट बसणाऱ्या क्लँप ब्रॅकेटवरच्या पट्टीवर असते. पट्टी निघून गेली असेल तर जॉन्सन आणि एव्हिनरूडच्या पॉवरहेडवर (सिलिंडर असलेल्या वरच्या भागावर) नाण्याएवढी गोल चकती ठोकून बसवलेली असते. तिच्यावरचा रंग हलक्या हाताने खरवडला की मॉडेल आणि सीरियल नंबर दिसतो.

१९८० पासूनच्या या दोन ब्रँडच्या मॉडेल नंबरात वर्ष अक्षरांत लपलेलं असतं. आय, एन, टी, आर, ओ, डी, यू, सी, ई, एस ही दहा अक्षरं म्हणजे अनुक्रमे १ ते ९ आणि शेवटी ०. ‘जे१५आरसीओ’ असं दिसलं तर जॉन्सन, १५ एचपी, दोरीने स्टार्ट, आणि सी-ओ म्हणजे ८५, अर्थात १९८५. मध्ये ‘एल’ असेल तर लांब शाफ्ट. वर्षानंतर एखादं जादा अक्षर असेल तर ते सुधारित आवृत्तीचं. त्याला वर्षात धरू नका.

यामाहाचं गणित वेगळं. पार्ट नंबरातले पहिले तीन आकडे-अक्षरं तो भाग मुळात कोणत्या मॉडेलसाठी बनला ते सांगतात आणि मधले पाच आकडे भाग कोणता ते. ‘६३व्ही-४४३५२’ मधला ४४३५२ म्हणजे पाण्याच्या पंपाचा इंपेलर, त्यातलं रबरी पात्यांचं चाक. एकच भाग अनेक मॉडेलना लागतो, त्यामुळे एखाद्या ओतीव भागावर दिसलेला कोड त्या भागाचा असतो, अख्ख्या इंजिनाचा असेलच असं नाही. इथे फार जण फसतात.

अश्वशक्तीचंही तसंच. ९.९ आणि १५ एचपीचा ब्लॉक पुष्कळदा एकच असतो, फरक मुख्यतः कार्बोरेटरचा. कार्बोरेटरच नसेल तर ब्लॉक बघून अंदाज बांधू नका, नंबर शोधा.

नसलेल्या भागाला हरवलेला समजणं

१९५० च्या दशकातल्या बऱ्याच जॉन्सन-एव्हिनरूडवर फ्युएल पंप सापडत नाही, कारण तो कधी नव्हताच. त्यांची टाकी हवेच्या दाबावर चालते आणि तिला दोन नळ्यांचा जोड पाईप असतो. ती टाकी मिळत नसेल तर क्रँककेसच्या दाबावर चालणारा पंप बसवून साधी एका नळीची टाकी जोडता येते.

केरोसीनवर चालणाऱ्या इंजिनाबाबत जास्त सांभाळा. केरोसीनचा ऑक्टेन कमी, म्हणून त्यांचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. हेड गायब आहे म्हणून पेट्रोल मॉडेलचं हेड आणून बसवलं आणि केरोसीनच घातलं, तर इंजिन ठोके देतं आणि पिस्टन जळतो.

कॉम्प्रेशन न तपासता खरेदी

प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं टूटी (टू-स्ट्रोक) ऑईल सोडा, काही तास मुरू द्या आणि फ्लायव्हील हाताने घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरवा. उलट फिरवलं तर इंपेलरची पाती मोडतात. मग दोन्ही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्लगच्या वायरी ब्लॉकला अर्थ केलेल्या, एकेका प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावा आणि त्याचा काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. लहान दोन सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाला साधारण ९० ते १२० पीएसआय यायला हवं. आकड्यापेक्षा दोन्ही सिलिंडरमधला फरक बघा; तो १० टक्क्यांच्या आत असावा. एक १०० आणि दुसरा ६० असेल तर आधी हेड उघडा. रिंग, सिलिंडर आणि गॅस्केट बघितल्याशिवाय कव्हर-कार्बोरेटरवर पैसे घालू नका.

स्पार्क नाही म्हणून कॉईल बदलणं

आधी स्टॉप स्विच बघा. दोरीची क्लिप हरवलेली असेल तर पुष्कळ इंजिनं स्पार्क देतच नाहीत. स्विचची वायर सुटी करून पुन्हा तपासा. स्पार्क आला तर दोष स्विचचा. वायर सुटी असताना इंजिन स्विचने बंद होणार नाही, ते चोक ओढून थांबवावं लागेल, हे लक्षात ठेवा. चांगला स्पार्क मोकळ्या हवेत ६ मिलीमीटर उडी मारतो. सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या) इंजिनाच्या प्लगच्या वायरी लोंबकळत ठेवून दोरी ओढू नका, सीडीआय जळू शकतो.

पॉइंटवाल्या (फ्लायव्हीलखाली उघडझाप करून स्पार्क देणाऱ्या संपर्कांच्या) जुन्या जॉन्सन-एव्हिनरूडमध्ये पॉइंटचा गॅप ०.५ मिलीमीटर. त्यासाठी फ्लायव्हील काढताना हातोडी मारू नका: चुंबक सुटतात, क्रँक वाकतो. मधल्या आट्यांच्या भोकांत बोल्ट लावून पुलर वापरा, कडेला पकडणारा पुलर नको. शाफ्टवरची छोटी चावी अर्धवट कापली गेली असेल तर टायमिंग सरकतं. परत बसवताना शाफ्टचा टेपर (निमुळता भाग) कोरडा आणि स्वच्छ हवा, ग्रीस अजिबात नको.

तेल, पेट्रोल आणि पिन

नीडल बेअरिंगच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना पेट्रोल-तेलाचं मिश्रण ५०:१, म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिली तेल. १९६४ पूर्वीच्या जॉन्सन-एव्हिनरूडना २४:१, म्हणजे सुमारे ४२० मिली. तेल ‘टीसी-डब्ल्यू३’ दर्जाचंच घ्या. बाइकच्या टूटी ऑईलमधल्या घटकांची राख प्लगवर बसते. पंपावरच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे जुन्या नळ्या आणि पंपाचे पडदे फुगतात. ते सगळे एकदाच बदला आणि शिळं मिश्रण वापरू नका.

पंख्याच्या पिनऐवजी खिळा घालू नका. पिन मुद्दाम मऊ असते. दगडाला पंखा लागला की ती तुटते आणि गिअर वाचतो. खिळा तुटत नाही, गिअर तुटतो.

गिअर ऑईल दुधाळ दिसलं तर सील गेलं. नवीन ऑईल खालच्या भोकातून भरा, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत.

कोरडं चालवून बघणं

पाण्याशिवाय काही सेकंदांतच इंपेलरचं रबर जळू लागतं. पंखा काढा, पंख्याच्या जागेच्या वर असलेली आडवी पट्टी बुडेल इतकं पाणी पिंपात भरा, न्यूट्रलमध्ये मंद चालवा आणि हेडवर लक्ष ठेवा. जुन्या बऱ्याच मॉडेलना पाण्याची धार दाखवणारं छिद्रच नसतं. तिथे एक्झॉस्टच्या मागच्या भोकातून पाणीमिश्रित फवारा येतो. तो येत असेल आणि हेडवर हात ठेवता येत असेल तर पंप काम करतोय.