परतीच्या पावसात भात कापणी: तीन दिवसांचा अंदाज शेतावर कसा लावावा

सरद, म्हणजे पावसाळी भाताचे शेत पिवळे पडू लागले की गावात एकच प्रश्न असतो, कापायचे कधी? हस्त आणि चित्रा नक्षत्रांचा पाऊस सकाळी कडक ऊन दाखवतो आणि संध्याकाळी गाठतो. गेल्या वर्षी मोबाईलवर ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ एवढे वाचून आम्ही गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले शेत सकाळी कापले. चारच्या सुमारास घाटाकडून ढग उतरला आणि आडवे पडलेले कडपे अर्ध्या तासात पाण्यात गेले. तिसऱ्या दिवशी लोंबी तळहातावर घेतली, तर दाण्यांच्या टोकाला पांढरे मोड फुटलेले. बहिणीकडे पेडण्यात मात्र थेंबही नव्हता. अंदाज बरोबर होता, वाचताना मी चुकलो. म्हणून हे लिहितो आहे.

हा अंदाज ज्यातून निघतो ते हवामानाचे मॉडेल म्हणजे गणित. संगणक जमिनीचे आणि वरच्या हवेचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातला वारा, ओल, तापमान, दाब पुढे कसे बदलतील ते सोडवत जातो. हवामान खात्याच्या जागतिक मॉडेलचा चौकोन बरीच वर्षे 12 किलोमीटरचा होता. त्या मापाने समुद्रापासून घाटापर्यंत गोवा पाचेक चौकोनांत संपतो. पायथ्याची शेते आणि मागचा उभा डोंगर एकाच चौकोनात आले, तर मॉडेलला तिथे नुसती हलकी चढण दिसते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत घडलेली भारत फोरकास्ट सिस्टीम मे 2025 मध्ये वापरात आली, तिचा चौकोन 6 किलोमीटरचा. तीन दिवसांपुरते चालणारे डब्ल्यूआरएफ हे प्रादेशिक मॉडेल 3 किलोमीटरपर्यंत उतरते.

जुलैत समुद्रावरून सलग येणारा पाऊस मॉडेलला बराचसा पकडता येतो. ऑक्टोबरचा ढग निराळा. दुपारी जमीन तापते, समुद्राकडचा आणि पूर्वेचा वारा घाटाच्या पायथ्याशी भेटतो आणि तासाभरात ढग उभा राहतो, कधी जेमतेम पाच-सात किलोमीटर रुंद. मोठ्या चौकोनात तो हरवतो. 3 किलोमीटरचे मॉडेल तो उभा करते, पण साखळीऐवजी धारबांदोड्यावर, चारऐवजी सहा वाजता. तेव्हा अंदाजाच्या नकाशात आपल्याच गावावर पावसाचा रंग नाही म्हणून विळा काढू नका. शेजारच्या तालुक्यावर रंग असेल तर तो पाऊस आपलाही समजा.

शब्द नीट वाचा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पाव ठिकाणांपर्यंत, ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊणपर्यंत. या शब्दांत पाऊस किती पडेल ते येत नाही, किती जागी पडेल तेवढेच येते. ‘जोरदार पाऊस’ हा शब्द 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून लागतो. कापलेले भात भिजवायला दहासुद्धा पुरतात, म्हणून जोरदार पावसाचा इशारा नाही एवढ्यावर कापणी ठरवू नका.

जुने गोवे येथील कृषी संशोधन केंद्रातून मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. कापणीचा आठवडा त्यावरून ठरवा आणि आठ-दहा दिवस आधी शेतातले पाणी काढा. लोंबीतले ऐंशी-पंच्याऐंशी टक्के दाणे पिवळे झाले की पीक तयार. मग आज, उद्या, परवा असे तिन्ही दिवसांचे अंदाज रोज सकाळी पुन्हा बघा. सकाळचा आणि आदल्या संध्याकाळचा अंदाज एकमेकांशी जुळत असेल तर भरवसा वाढतो. दर वेळी चित्र पालटत असेल तर त्या दिवशी सगळे शेत आडवे करू नका. दुपारपर्यंत उचलता येईल तेवढेच कापा, बाकीचे उभे राहू द्या. उभे भात पावसाच्या सरीतून वाचते, चिखलात पडलेले वाचत नाही. हार्वेस्टर भाड्याने आणणाऱ्यांनी ओल्या मातीचाही विचार करावा, पावसानंतर दोन दिवस यंत्र रुतते.

दुपारी दोननंतर मॉडेल बाजूला ठेवा आणि आत्ता पाऊस कुठे आहे ते दाखवणाऱ्या पणजीच्या डॉपलर रडारचे चित्र व पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज बघा. विजेसाठी ‘दामिनी’ ॲप मोबाईलवर असू द्या. गडगडाट ऐकू आला की माणसे उघड्या शेतातून पक्क्या घरात न्या, झाडाखाली नको. रडारच्या चित्रात घाटावर लाल-पिवळे ठिपके दिसले आणि माणसांना अजून वेळ असेल, तर मळलेले भात आधी आत घ्या, पेंढा मागाहून.