बरकाला घर घेण्याआधी विहिरीचं पाणी मोजा

इथे ओमानमध्ये मस्कतच्या गर्दीतून बाहेर पडून किनाऱ्यावरच्या बरका किंवा सुवैककडे घर शोधणाऱ्या आपल्या मंडळींचे फोन मला सारखे येतात. अंगण मोठं, भाडं कमी, मागे विहीर आणि खजुराची दोन झाडं. मनात लगेच कढीपत्ता, अळू, मोगरा लावून झालेला असतो. घर जरूर घ्या. पण सही करण्याआधी विचारा, विहिरीचं पाणी गोडं आहे, मचूळ आहे की खारं? आणि घराला सरकारी नळ आहे की सगळी भिस्त टँकरवर?

मी अलिबागकडच्या खारेपाटातला. खारी जमीन मला काय शिकवणार, असं इथे आल्यावर वाटलं होतं. आमच्याकडे बांध फुटला की भरतीचं पाणी शेतात शिरतं. पण पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, मीठ धुऊन जातं आणि खारेपाटातही भात पिकतो. इथे वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस. शिवाय समुद्र इथे बांध फोडून येत नाही, तो जमिनीखालून येतो.

बरका-सुवैक ज्या बातिना किनारपट्टीत येतात, तिथे मागच्या हजर डोंगरावर पडलेला पाऊस वाद्यांमधून, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यांमधून, खाली उतरतो आणि वाळू-गोट्यांच्या थरांत मुरून समुद्राकडे सरकतो. गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं. समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल, तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत त्याचा साठा टिकतो. हिशेब उलटाही तितकाच खरा. उपसा होऊन पातळी १ मीटर उतरली, की खालचं खारं पाणी हळूहळू ४० मीटर वर चढू शकतं. बैलांच्या मोटेने पाणी काढायचे तेव्हा उपसा आपोआप बेताचा राहायचा. १९७०नंतर पंप वाढत गेले आणि किनाऱ्यालगतच्या विहिरी एकेक करून मचूळ झाल्या. समुद्राजवळच्या वाड्यांत शेंडा झडलेले खजुराचे बुंधे उभे दिसतात. एवढं चिवट झाडही तिथे हरलं, हे बघून मला अजून वाईट वाटतं.

माझा पहिला कढीपत्ता मी स्वतःच्या हाताने मारला. विहिरीचं पाणी चवीला जरासंच मचूळ, म्हणून रोज संध्याकाळी तांब्याभर घालत होतो. पानांची टोकं करपली. पाणी कमी पडतंय असं वाटलं, म्हणून सकाळीही घालू लागलो. महिन्याभरात मातीवर पांढरा पापुद्रा आला. पाणी उन्हाने उडून जात होतं आणि मीठ रोज थोडं थोडं मागे साठत होतं. त्यामुळे मातीचा खारेपणा पाण्याच्या कितीतरी पुढे गेला.

तेव्हा पेनासारखा छोटा ईसी मीटर घ्या, तो पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून खारेपणा मोजतो. खारेपणाचा आकडा डेसीसीमेन्स प्रति मीटरमध्ये सांगतात, समुद्राचं पाणी ५०च्या आसपास येतं. मातीचा आकडा ४ पर्यंत असला तरी खजुराचं उत्पन्न घटत नाही. लिंबू दीडनंतर मागे पडू लागतं, घेवडा तर १ नंतरच. आंबाही नाजूकच. चिकू आणि बीट त्या मानाने तग धरतात. अळू, कढीपत्ता, मोगरा हे आपले लाडके प्रकार जमिनीत लावूच नका, कुंडीत ठेवा. त्यांना नळाचं पाणी द्या, ते समुद्राचं मीठ काढूनच आलेलं असतं. रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी भरपूर घाला, कुंडीच्या तळातून वाहून जाईल इतकं, म्हणजे साठलेलं मीठ बरोबर जाईल. मातीवर पालापाचोळा पसरा. मचूळ पाणी पानांवर मारू नका, पानं जळतात. आणि एसीच्या नळीखाली बादली लावा. दमट उन्हाळ्यात ती भरत राहते आणि त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. प्यायला मात्र ते चालत नाही.

विहिरीचं पाणी उकळून मीठ जात नाही, उलट घट्ट होतं. त्यात डाळही शिजायला रडवते. तळमजल्याच्या भिंतींना गुडघाभर उंचीपर्यंत लोणा लागलाय का, तेही बघा. नुसता रंग मारून दिला असेल तर तो पुन्हा फुगणारच.

अजून एक, कळकळीने सांगतो. विहीर आपल्या अंगणात आहे म्हणून हिरवळीवर तासन्‌तास पंप चालवू नका. खालचा साठा सगळ्यांचा एकच आहे. शेजारच्या वाडीचे म्हातारे मालक लहानपणी त्यांच्याच विहिरीचं पाणी प्यायचे. आज त्यांच्याकडे प्यायला टँकर येतो आणि ते अजूनही खजूर जगवताहेत.

लागवड ऑक्टोबरात करा, ऊन उतरल्यावर. कढीपत्त्याची रोपं माझ्याकडे तयार आहेत. द्यायला येईन तेव्हा मीटरही आणतो, तुमची विहीर तेव्हाच मोजून टाकू.