दोन चाव्या चालू आहेत तोवरच तिसरी करा: फोर्डची चावी घरी प्रोग्रॅम करण्याची पद्धत

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या मुलामुलींची पहिली गाडी बहुधा सेकंडहँड असते. तिच्यासोबत चाव्या मिळतात एक, फार तर दोन. दुसरी हरवेपर्यंत तिसरीचा विचार कोणी करत नाही, आणि नेमकी तिथेच गोची होते. फोर्डच्या चावी फिरवून चालू होणाऱ्या कितीतरी जुन्या गाड्यांमध्ये नवी चावी मालकाला स्वतः प्रोग्रॅम करता येते. लॅपटॉप लागत नाही, यंत्र लागत नाही. अट एकच, चालू असलेल्या दोन चाव्या हातात हव्यात. एकच उरली असेल तर ते काम डीलरकडे किंवा लॉकस्मिथकडे जातं आणि बिल शंभर डॉलरच्या पुढे सहज जातं. म्हणून सेकंडहँड गाडी घेतानाच दुसरी चावी मागून घ्या, आणि ती मिळाली की त्याच महिन्यात तिसरी करून टाका.

ही पद्धत बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्यांसाठी नाही. तुमच्या गाडीला ती लागू आहे का, हे मॅन्युअलमध्ये ‘सिक्युरिलॉक’च्या, म्हणजे फोर्डच्या चोरीविरोधी यंत्रणेच्या, प्रकरणात पाहा. मॅन्युअल नसेल तर फोर्डच्या वेबसाइटवरून वर्ष आणि मॉडेलप्रमाणे फुकट उतरवून घेता येतं. सेकंदांचे आकडे मॉडेलनुसार थोडे बदलू शकतात, तेव्हा तुमच्या मॅन्युअलमधले आकडेच धरून चाला.

नुसत्या खाचा पाडून का भागत नाही

चावीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत एक छोटी चिप असते. तिला सेल नसतो. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं बसवलेलं असतं. चावी फिरवली की वेटोळ्यातून चिपला वीज मिळते आणि चिप आपली ओळख सांगते. सोसायटीच्या वॉचमनकडे असते तशी गाडीकडे यादी असते. त्या यादीत ही चिप असेल तरच इंजिन चालू होतं. रिमोटचा सेल संपला तरी गाडी चालू होते ती म्हणूनच. प्रोग्रॅमिंग म्हणजे नव्या चिपचं नाव या यादीत चढवणं. यादीत आठ चाव्या मावतात.

योग्य चावी विकत घेणं

पैसे वाया जातात ते बहुतेक इथेच. 2005 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी फोर्डच्या चाव्यांमधल्या 40 बिटांच्या (बिट जितके जास्त, तितकं कोडं फोडायला कठीण) चिपचं कोडं फोडून दाखवलं आणि स्वतःची 2005 ची फोर्ड एस्केप बनावट चिपच्या जोरावर चालू केली. पुढे 80 बिटांच्या चिपा आल्या. त्यामुळे दिसायला सारख्या, खाचाही सारख्या, पण आतली चिप वेगळी, अशा चाव्या बाजारात शेजारीशेजारी टांगलेल्या असतात. जुन्या चावीचं पातं उजेडात धरून नीट पाहा. त्यावर ‘एसए’ ही इंग्रजी अक्षरं कोरलेली असतील तर चिप 80 बिटांची आहे आणि नवीही तशीच हवी. रिमोट मुठीतच असेल तर मागच्या बाजूचा एफसीसी क्रमांक (अमेरिकी सरकारचा रेडिओ उपकरणांसाठीचा नोंदणी क्रमांक) जुळवा. अमेरिकेतल्या या गाड्यांचे रिमोट साधारणतः 315 मेगाहर्ट्‌झवर चालतात. युरोपातून मागवलेला 433 चा रिमोट इथे चालत नाही.

खाचा हार्डवेअरच्या दुकानात किंवा लॉकस्मिथकडे पाडून मिळतात. नमुना म्हणून कंपनीची मूळ चावी द्या. डुप्लिकेटवरून डुप्लिकेट काढली की खाचांतला फरक वाढत जातो. घरी आल्यावर आधी नव्या चावीने दार उघडून पाहा, मग इग्निशनमध्ये ती अडखळल्याशिवाय फिरते का ते पाहा. फिरत नसेल तर पुढे जाऊ नका, दुकानात परत जा.

बसण्याआधी

दोन्ही जुन्या चाव्यांनी आळीपाळीने इंजिन चालू करून बघा. दुसरी चावी नुसती दार उघडणारी निघते, असं पुष्कळदा होतं. आणखी एक मेख आहे. काही दुकानांतली यंत्रं जुन्या चिपची हुबेहूब नक्कल करून देतात. त्या चावीने इंजिन चालू होतं, पण गाडीच्या लेखी ती आणि मूळ चावी एकच. अशी जोडी ‘दोन चाव्या’ म्हणून चालत नाही, दोन वेगळ्या चिपाच लागतात.

सगळ्या चाव्या रिंगमधून सोडवा. एका रिंगमध्ये दोन चिपा असल्या की वेटोळ्याला दोन्ही ऐकू येतात आणि गोंधळ होतो. नको असलेल्या चाव्या मागच्या सीटवर ठेवा. तीन चाव्या मांडीवर क्रमाने मांडा, आणि शक्य असेल तर शेजारी कोणाला तरी मोबाइलवर सेकंद मोजायला बसवा. घड्याळ बघत चाव्या बदलणं एकट्याला जमतं, पण घाई होते. गिअर पार्कमध्ये हवा, नाहीतर चावी बाहेर येणार नाही.

‘ऑन’ म्हणजे डॅशबोर्डवरचे दिवे लागतात ती जागा. इंजिन चालू करायचं नाही.

आता कृती

1. पहिली जुनी चावी घालून ‘ऑफ’वरून ‘ऑन’वर न्या. किमान 3 सेकंद थांबा, पण 10 च्या वर नको.

2. ‘ऑफ’ करून चावी काढा. 3 सेकंद जाऊ द्या आणि ‘ऑफ’ केल्यापासून 10 सेकंदांच्या आत दुसरी जुनी चावी घाला.

3. तीही ‘ऑन’वर 3 ते 10 सेकंद ठेवा. मग ‘ऑफ’ करून काढून घ्या.

4. पुन्हा 3 सेकंद थांबून, 20 सेकंदांच्या आत नवी चावी घाला आणि ‘ऑन’वर किमान 6 सेकंद ठेवा.

5. चावी काढा. आता त्याच चावीने इंजिन चालू करून पाहा.

जमलं असेल तर डॅशबोर्डवरचा चोरीच्या इशाऱ्याचा छोटा लाल दिवा ‘ऑन’ करताच सुमारे 3 सेकंद लागून विझतो. तो भराभर लुकलुकत राहिला तर चावी घेतलेली नाही. 20 सेकंद थांबा आणि पहिल्या पायरीपासून सुरू करा, मधूनच नाही. चौथी चावी करायची असली तरी सगळी पद्धत पुन्हा पहिल्यापासूनच.

पुन:पुन्हा करूनही जमत नसेल तर बहुधा चिप चुकीची असते. भाड्याच्या किंवा कंपनीच्या ताफ्यातल्या गाड्यांमध्ये मालकाने स्वतः चावी वाढवण्याची सोय कधी कधी मुद्दाम बंद केलेली असते. तशी गाडी तुमच्याकडे आली असेल तर ती सोय डीलरकडूनच चालू करून घ्यावी लागते.

रिमोट वेगळा असेल तर

मुठीतला रिमोट वरच्याच कृतीत जोडला जातो. वेगळ्या लटकन रिमोटसाठी चावी ‘ऑफ’वरून ‘ऑन’वर 10 सेकंदांत आठ वेळा फिरवा, आठव्यांदा ‘ऑन’वरच थांबा. दारांची कुलपं आपोआप लागून उघडली की 20 सेकंदांच्या आत रिमोटचं कोणतंही बटण दाबा. कुलपं पुन्हा वाजली म्हणजे झालं. लगेच घरातले बाकीचे रिमोटही एकेक करून असेच दाबा, कारण जो राहील तो बंद पडेल.

इतर गाड्या

क्रायस्लर, डॉज आणि जीपच्या त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांतही दोन चाव्यांचीच रीत आहे, फक्त वेळा वेगळ्या आणि मध्ये घंटी वाजते. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत चावी नसतानाही 10-10 मिनिटं तीनदा थांबून नवी चावी शिकवता येते, पण त्यात जुन्या चाव्या पुसल्या जाण्याची शक्यता असते. तेव्हा घरातल्या सगळ्या चाव्या जवळ घेऊनच बसा.

भारतातल्या गाड्यांवर मात्र हे प्रयोग करू नका. मारुतीसारख्या गाड्यांची चिपवाली चावी सर्व्हिस सेंटरच्या किंवा चांगल्या चावीवाल्याच्या यंत्रावरच प्रोग्रॅम होते. हरवलेल्या चावीसाठी आरसी, ओळखपत्र आणि बऱ्याचदा पोलिसांतल्या तक्रारीची प्रत मागतात. गाडीच्या विम्यात चावी बदलून देण्याचं ॲड-ऑन आहे का, तेही बघा.

आणि हे लक्षात असू द्या की नवी चावी जोडल्याने हरवलेली चावी बाद होत नाही. ती यादीत तशीच राहते. घराचा पत्ता असलेल्या पाकिटासकट चावी गेली असेल, तर यादी पुसून नव्याने भरण्यासाठी लॉकस्मिथला बोलवाच. या फोर्डमध्ये यादी पुसल्यावर निदान दोन चाव्या भरल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. त्यामुळे तो येईल तेव्हा नवी केलेली तिसरीही हाताशी ठेवा.