कानातील हाडाची वाढ: तपासणीत आणि उपचारात या चुका टाळा

पावसाळा लागला की ठाण्यात कानाच्या तक्रारी वाढतात. हवा दमट असते, कान नीट कोरडा राहत नाही, त्यात बुरशी धरते आणि कानाला दडे बसले म्हणून माणसे दवाखान्यात येतात. त्या गर्दीत अधूनमधून असा एखादा रुग्ण भेटतो, की ज्याच्या कानातला सगळा मळ काढून झाल्यावरही आत पांढरट, गुळगुळीत आणि दगडासारखा टणक उंचवटा शिल्लक राहतो. ती कर्णनलिकेच्या, म्हणजे कानाच्या तोंडापासून पडद्यापर्यंत जाणाऱ्या नळीच्या, हाडाचीच वाढ असते. ती कर्करोगाची नसते आणि बहुतेकांना तिच्यामुळे आयुष्यभर काहीही होत नाही. जो त्रास होतो, तो तिच्यामागे अडकून राहिलेल्या मळाचा, पाण्याचा आणि जंतुसंसर्गाचा असतो. ही गोष्ट निसटली, की निदान आणि उपचार दोन्ही चुकतात.

मळ समजून कोरणे

गेल्या पावसाळ्यात घणसोलीहून साठीच्या घरातले एक गृहस्थ आले होते. रस्त्यावर कान साफ करणाऱ्या माणसाने सळईने त्यांचा ‘घट्ट बसलेला मळ’ उपटण्याचा प्रयत्न केला होता. “डॉक्टर, अजून थोडा जोर लावला असता तर निघाला असता,” असे ते मला सांगत होते. तो निघणे शक्यच नव्हते, कारण सळई हाडावर घासत होती. प्रौढ माणसाची कर्णनलिका सुमारे अडीच सेंटीमीटर लांब असते. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा (मऊ, लवचिक हाडाचा) आणि आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा असतो. या हाडाच्या भागावरची त्वचा अत्यंत पातळ असते आणि तिच्याखाली जवळजवळ लगेच हाड लागते. वाढीवर ती आणखी ताणलेली असल्यामुळे हेअरपिन, काडी किंवा इअरबडचा साधा ओरखडाही तिला पुरतो. मग रक्त येते, सूज येते आणि आधीच अरुंद झालेली वाट पूर्ण बंद होते. त्या गृहस्थांची सूज ओसरून पडदा दिसेपर्यंत तीन आठवडे गेले.

पिचकारीने कान धुणे हीदेखील अशा कानात चूकच ठरते, कारण आत गेलेले पाणी वाढीच्या मागे साचते आणि बाहेर येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली सक्शनने मळ काढणे हा अशा रुग्णांसाठी योग्य मार्ग आहे. घरी कानात तेल घालण्याची सवयही सोडावी, कारण अरुंद नळीतला मळ फुगून अचानक दडे बसतात.

दोन वाढींना एकच समजणे

कर्णनलिकेत हाडाच्या वाढीचे मुख्यतः दोन प्रकार आढळतात आणि त्यांची गल्लत डॉक्टरांकडूनही होते. एक्झोस्टोसिस हा प्रकार सहसा दोन्ही कानांत असतो. एकाहून अधिक, रुंद बुडाचे उंचवटे पडद्याच्या जवळ, आतल्या भागात दिसतात. त्यांचा संबंध थंड पाण्याशी आहे. साधारण 19 अंश सेल्सियसपेक्षा थंड पाण्यात वर्षानुवर्षे पोहणाऱ्यांच्या आणि सर्फिंग करणाऱ्यांच्या कानांत ते वाढतात. निअँडरथल मानवांच्या कवट्यांतही असे उंचवटे आढळले आहेत आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासलेल्या 23 अवशेषांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये ते होते. आपल्या किनाऱ्यावरच्या समुद्राचे पाणी हिवाळ्यातही इतके थंड होत नाही. त्यामुळे नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाच्या कानात असे उंचवटे दिसले, तर तो पूर्वी थंड प्रदेशात राहिला होता का, बोटीवर किंवा पाणबुड्याचे काम करत होता का, हे आवर्जून विचारावे.

ऑस्टिओमा मात्र बहुधा एकाच कानात आणि एकच असतो. तो देठाला लोंबल्यासारखा, कूर्चा आणि हाड जिथे मिळतात त्या भागाजवळ, हाडांच्या सांध्यावर उगवतो आणि त्याचा थंड पाण्याशी ठोस संबंध दाखवता आलेला नाही. हा फरक केवळ नावापुरता नाही. देठ असलेली गाठ मुळाशी मोकळी करून काढता येते, तर रुंद बुडाचे उंचवटे ड्रिलने किंवा बारीक छिन्नीने घासून, तासून नलिका रुंद करावी लागते. या दुसऱ्या कामाला वेळही अधिक लागतो आणि जोखीमही अधिक असते.

टणक नसलेली, लालसर, सहज रक्त येणारी किंवा ओबडधोबड जखमेसारखी दिसणारी वाढ मात्र यांपैकी कोणतीही समजू नये. तिचा तुकडा तपासणीला पाठवलाच पाहिजे. मधुमेही वृद्धाच्या कानात रात्री झोप मोडणारा ठणका असेल किंवा चेहऱ्याची एक बाजू ओढली जात असेल, तर ‘हाड वाढले आहे’ एवढ्यावर समाधान मानून थांबणे धोक्याचे आहे.

ऐकू कमी येण्याचे खापर लगेच वाढीवर फोडणे

पडद्यापर्यंत आवाज पोहोचायला फार मोठी वाट लागत नाही. नलिका जवळजवळ बंद होईपर्यंत ऐकण्यावर सहसा परिणाम होत नाही. म्हणून अर्धीच बंद झालेली नलिका दिसत असताना रुग्णाला बरेच कमी ऐकू येत असेल, तर कारण दुसरीकडे शोधावे. वयोमानाने ऐकण्याची नस कमजोर झालेली असू शकते, मधल्या कानाचा आजार असू शकतो. आधी मळ साफ करावा, मग 512 हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने तपासावे आणि शुद्ध स्वराची ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावरची श्रवणचाचणी, करावी. साफ करण्याआधी केलेली ऑडिओमेट्री दिशाभूल करते, हे मी इथे मुद्दाम सांगतो, कारण असे चाचणीचे कागद घेऊन माणसे थेट शस्त्रक्रियेची तारीख मागायला येतात आणि त्यांना परत पाठवताना मला वाईट वाटते.

थेंबांची निवड

वाढीमुळे पडदा दिसत नसेल, तर त्याला भोक आहे की नाही हे कळत नाही. अशा वेळी जेंटामायसिन किंवा निओमायसिन ही प्रतिजैविके असलेले थेंब टाळावेत, कारण भोकातून आत गेल्यास ते आतल्या कानाला इजा करू शकतात. स्टिरॉइड आणि प्रतिजैविक एकत्र असलेले थेंब आठवड्यांमागून आठवडे घातले, तर आपल्या दमट हवेत बुरशी आणखी फोफावते. बुरशी असेल तेव्हा आधी कान साफ केला नाही, तर बुरशीनाशक थेंबांचा पुरेसा उपयोग होत नाही.

शस्त्रक्रियेची घाई, आणि उशीर

त्रास नसलेली वाढ काढू नये. कान कोरडा ठेवणे, पोहताना इअरप्लग वापरणे आणि वर्षातून एकदा तपासून मळ काढून घेणे एवढे अनेकांना पुरते. मात्र संसर्ग वारंवार होत असेल, मळ सतत अडकत असेल, खरोखरच वाढीमुळे ऐकू कमी येत असेल, किंवा श्रवणयंत्राचा साचा बसत नसेल, तर रेंगाळू नये. ऑस्टिओमाच्या मागे त्वचेचे थर साचून त्यांचा गोळा, म्हणजे कोलेस्टिएटोमा, होऊ शकतो आणि तो हाड पोखरत जातो. म्हणून पडदा दिसत नसलेल्या कानाची शस्त्रक्रियेपूर्वी एचआरसीटी (हाडाचे बारकावे दाखवणारा सीटी स्कॅन) तपासणी करावीच. साध्या, लहान आणि त्रास न देणाऱ्या वाढीसाठी प्रत्येकाला सीटी सुचवणे मात्र अनाठायी आहे.

नलिकेच्या पुढच्या भिंतीला लागून जबड्याचा सांधा असतो, मागच्या बाजूला चेहऱ्याची नस जवळून जाते आणि शेवटी पडदा असतो. शिवाय ड्रिलच्या आवाजाने आणि कंपनाने ऐकण्याच्या नसेला धक्का बसू शकतो. त्यामुळे ही शस्त्रक्रिया कानाच्या कामाचा नियमित सराव असलेल्या तज्ज्ञाकडूनच करून घ्यावी. खर्च परवडत नसेल, तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात दाखवता येते.

शस्त्रक्रियेनंतर त्वचा पूर्ण भरून येण्यास काही आठवडे लागतात. या काळात कानात पाणी जाऊ न देणे आणि ठरलेल्या तारखांना ड्रेसिंगला जाणे अत्यावश्यक असते. ‘आता बरे वाटते’ म्हणून तिसऱ्या ड्रेसिंगला न आलेल्या रुग्णाची नलिका नव्या व्रणाने पुन्हा अरुंद झालेली मी पाहिली आहे. दुसऱ्या वेळची शस्त्रक्रिया पहिल्यापेक्षा कठीण असते. एक्झोस्टोसिस असलेल्यांनी थंड पाण्यात पुन्हा पोहायचे असल्यास इअरप्लगविना उतरू नये, कारण ती वाढ पुन्हा होऊ शकते.